दार कुणासाठी उघडते?

मुलांनो, वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे एक जुने गाव आहे. पूर्वी या गावाभोवती कोट होता आणि आत येण्यासाठी वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही त्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. वेस म्हणजे गावाचे दार. 'दार' हा शब्द संस्कृत 'द्वार' या शब्दापासून आला. 'दरवाजा' हा शब्द मात्र फारसीतून मराठीत आला. उर्दूत तर तुम्ही तो रोजच वापरता. फारसी 'दर' आणि संस्कृत 'द्वार' हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणजे तुमच्या दोन्ही भाषांचे हे दार एकच!

दाराची कामे दोन. ते माणसाला आत घेते किंवा बाहेर ठेवते. पण कधी कधी दार उघडे असूनही एखादा माणूस बाहेरच राहतो. असे का होते?

दवाखान्याचे किंवा बँकेचे जड काचेचे दार तुम्ही पाहिले असेल. ते आपोआप मिटावे म्हणून त्याला वर एक यंत्र बसवलेले असते. त्यात स्प्रिंग आणि तेल असते. दार उघडताना आपल्याला त्या स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावावा लागतो. तुम्ही दोन पायांवर घट्ट उभे असता, म्हणून ते सहज जमते. आता चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याचे दोन्ही हात चाके फिरवण्यात गुंतलेले असतात. तो एका हाताने दार ओढतो. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात. आपण दार ओढतो, तेव्हा दारही आपल्याला तितक्याच जोराने ओढते. आपले पाय जमिनीला घट्ट धरून असतात, पण खुर्चीला चाके आहेत. त्यामुळे दार उघडण्याऐवजी खुर्चीच दाराकडे सरकते आणि उघडणाऱ्या दाराच्या वाटेत येते. कुबड्या घेऊन चालणारा माणूस, म्हातारी आजी, कडेवर बाळ आणि हातात पिशवी असलेली आई, यांचीही अशीच अडचण होते.

या अडचणीवर एक उपाय आहे. तो म्हणजे आपोआप उघडणारे दार.

आपोआप उघडणाऱ्या दाराची कल्पना फार जुनी आहे. इजिप्त, म्हणजे मिसर देशात अलेक्झांड्रिया नावाचे शहर आहे. उर्दूत त्याला इस्कंदरिया म्हणतात. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हेरॉन नावाचा यंत्रशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने देवळाच्या दाराची एक युक्ती लिहून ठेवली आहे. वेदीवर अग्नी पेटवला, की खालच्या बंद भांड्यातील हवा तापून प्रसरण पावे. ती हवा पाण्याला ढकली. पाणी एका टांगलेल्या बादलीत जाई. बादली जड होऊन खाली येई आणि तिला बांधलेले दोर दाराचे खांब फिरवत. ही युक्ती लोकांना थक्क करण्यासाठी होती.

आजच्या सरकत्या दाराची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात समुद्रकाठी कॉर्पस क्रिस्टी नावाचे शहर आहे. तेथे वारा जोराचा असतो. वाऱ्यामुळे बिजागरीची दारे नीट चालत नसत. हे पाहून डी हॉर्टन आणि ल्यू हेविट या दोघांनी १९५४ साली आपोआप सरकणाऱ्या दाराची रचना केली. १९६० साली असे पहिले दार वापरात आले. दारापुढे एक चटई असे. तिच्यावर पाय पडला, की दार बाजूला सरके.

आता चटईची गरज उरलेली नाही. दाराच्या वर एक छोटी पेटी असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी बाहेर पडतात. माणूस जवळ येऊ लागला, की त्याच्या अंगावर आपटून या लहरी परत येतात. परत येताना त्यांची वारंवारता किंचित वाढलेली असते. आगगाडी आपल्याकडे येत असताना तिच्या शिटीचा आवाज जास्त बारीक वाटतो ना? तोच हा नियम. पेटीतील यंत्र हा फरक ओळखते आणि मोटारीला हुकूम देते. मोटार पट्टा फिरवते आणि दार सरकते. दाराच्या चौकटीत अवरक्त किरणांचाही पहारा असतो. कोणी मध्येच थांबले, तर किरण अडतात आणि दार मिटत नाही. म्हणूनच हळूहळू चालणाऱ्या माणसाला घाबरण्याचे कारण नसते.

काही ठिकाणी बिजागरीच्या दारालाच मोटार बसवतात आणि शेजारी एक मोठी कळ लावतात. कळ दाबली, की दार सावकाश उघडते, थोडा वेळ उघडे राहते आणि मग मिटते. ही कळ बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशा उंचीवर हवी. शिवाय ती अशा जागी हवी, की उघडणारे दार खुर्चीवर आदळणार नाही. आपल्याकडे वीज जाते, हेही विसरून चालणार नाही. वीज गेल्यावर दार बॅटरीवर चालले पाहिजे किंवा निदान हाताने सहज उघडले पाहिजे.

पण एवढ्याने काम संपत नाही. बाजारातील दुकाने आठवून पाहा. बहुतेक दुकानांना दार नसतेच, शटर असते. सकाळी शटर वर गेले, की दुकान सताड उघडे! तरीही चाकाची खुर्ची आत जात नाही. कारण समोर नाली असते, तिच्यावर ओटा असतो आणि ओट्याला पायऱ्या असतात. अशा ठिकाणी मोटारीची नव्हे, उताराची गरज असते. उतार कसा असावा, याचे माप ठरलेले आहे. उंची १ असेल, तर लांबी निदान १२ हवी. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. त्याहून कमी लांबीचा उतार चढताना खुर्ची मागे घसरण्याची भीती असते. दाराची मोकळी रुंदीही किमान ९० सेंटिमीटर हवी. आधी उतार, मग रुंदी आणि मग आपोआप उघडणारे दार. हा क्रम चुकला, तर पायऱ्यांच्या वर बसवलेले महागडे दार पायऱ्यांखाली थांबलेल्या माणसासाठी कधीच उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, "एवढा खर्च कशाला? दरवान दार उघडून देईल, लोक खुर्ची उचलून आत नेतील." मदत करणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण रोज, प्रत्येक दारात, कोणाची तरी वाट पाहत थांबावे लागले तर तुम्हाला कसे वाटेल? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण पाहा. तरुण वयातच त्यांच्या कमरेखालच्या भागातील शक्ती गेली. पण त्यांनी हार मानली नाही. शिक्षण घेतले, नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'चाकाची खुर्ची' असे आहे. अशा माणसांना दया नको असते. त्यांना वाट मोकळी हवी असते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांच्यासाठी १९९५ साली एक कायदा झाला आणि त्याच्या जागी २०१६ साली नवा कायदा आला. या कायद्यात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे केवळ सरकारी कचेरी नव्हे. लोक जेथे ये-जा करतात, अशी खाजगी दुकाने आणि दवाखानेही त्यात येतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, ही नुसती शिफारस राहू नये. त्यासाठी बंधनकारक नियम हवेत.

मुलांनो, कायदा कागदावर असतो, पायरी मात्र रस्त्यावर असते. तुम्ही एक काम करू शकता. मोजपट्टी घ्या. आपल्या शाळेचे, जवळच्या दवाखान्याचे आणि नेहमीच्या दुकानाचे दार मोजा. किती पायऱ्या आहेत? उतार आहे का? मोकळी रुंदी किती? दार ढकलायला किती जोर लागतो? मोजण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्या आणि उत्तरे वहीत लिहा. मग ती वही मुख्याध्यापकांना आणि दुकानदारकाकांना दाखवा. पुष्कळदा लोकांच्या मनात वाईट काही नसते. आपली एक पायरी कोणाला तरी बाहेर ठेवते, हे त्यांच्या लक्षातच आलेले नसते.