दगड वाचणारा मास्तर: स्टीफन हिस्लॉप

आमच्या मुदखेडच्या पट्ट्यात भूगर्भशास्त्र विहिरीच्या काठावर शिकायला मिळते. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली लागला तर मांजऱ्या खडक आणि मग काळा पाषाण. मांजऱ्याला पाणी लागण्याची आशा असते, पाषाणाला सुरुंगच लावावा लागतो. पूर्वेकडे भोकर, बिलोली, देगलूरच्या बाजूला गेलो की हा हिशेब बदलतो, कारण तिथे लाव्ह्याच्या काळ्या थरांखालचा जुना ग्रॅनाइट वर डोके काढतो. एकट्या नांदेड जिल्ह्यात जमिनीची दोन रूपे नांदतात. मुदखेडहून आदिलाबादची गाडी धरली तर हिमायतनगर, किनवट करत ती थेट डोंगराळ मुलखात उतरवते. दख्खनच्या दगडाचा एक महत्त्वाचा शोध याच बाजूला लागला. निर्मलच्या डोंगरांत १८३० च्या दशकात मद्रास सैन्यातले डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन यांना काळ्या दगडाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. १८३७ मध्ये त्यांनी ते लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडले.

तोच धागा नागपुरात ज्यांनी पुढे नेला, त्या स्टीफन हिस्लॉप यांची ही आठवण. नागपूरचे लोक त्यांचे नाव हिस्लॉप कॉलेजमुळे रोज घेतात. ते कॉलेज कोणाच्या नावाचे आणि हा माणूस कसा गेला, हे मात्र मराठवाड्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

हिस्लॉप स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे, जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा. किडे, वनस्पती, दगड यांचे वेड लहानपणापासूनचे. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून पत्नी एरॅस्मा यांच्यासह ते हिंदुस्थानात आले आणि १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपूर भोसल्यांचे राज्य होते. इंग्रजांनी ते खालसा केले ते त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी. हिस्लॉप यांनी शाळा काढली, मराठी शिकून घेतली आणि खेड्यापाड्यांतून फिरायला सुरुवात केली. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यावर त्या काळी नागपुरात वादही झाले. तरीही या माणसाचे मोल त्या एका कामावर करू नये असे मला वाटते, कारण त्यांनी मागे ठेवलेले त्याच्या बाहेर खूप आहे.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत फिरताना नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना जे सापडले, ते समजून घ्यायला हवे. लाव्हा एकदा वाहून थंड झाला की पुढचा लोंढा येईपर्यंत मध्ये बराच काळ जायचा. त्या काळात खोलगट जागी तळी साचत, काठाने झाडे वाढत, पाण्यात गोगलगायी आणि मासे नांदत. पुढे नवा लाव्हा आला की सारे गाडले जायचे. टाकळीच्या त्या गारेसारख्या टणक दगडात शंख होते, माशांचे खवले होते, फळे आणि बियांचे कितीतरी प्रकार होते. इतकेच नाही, भुंग्यांचे कठीण पंखही शाबूत राहिले होते. ते पंख पाहून अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये दोन नव्या जाती नोंदवल्या. एकीला हिस्लॉप यांचे नाव दिले, दुसरीला हंटर यांचे.

एका भुंग्याचा पंख लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये टिकून राहावा आणि कोट्यवधी वर्षांनी गावाजवळच्या दगडात दिसावा, याचे नवल मला अजून ओसरत नाही. हिस्लॉप यांना या थरांचे वय नेमके ठरवता आले नाही. त्यांनी ते प्रत्यक्षाहून बरेच अलीकडचे मानले होते. आज आपल्या काळ्या दगडाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे मानतात, म्हणजे डायनोसॉर संपले तो काळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडणारी जीवाश्म हाडे हिस्लॉप यांनीही गोळा केली होती. त्या गावाचे नाव आजही डायनोसॉरच्या अभ्यासात येते.

त्याच जिल्ह्यातल्या मांगलीच्या वालुकाश्मात एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे बारसे केले. हिस्लॉप यांचे स्वतःचे नाव तर त्या भुंग्याखेरीज आणखी तीन ठिकाणी राहिले. नागपूरच्या तळ्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याला हेन्री कार्टर यांनी १८५८ मध्ये ‘हिस्लॉपिया’ म्हटले, एक हिरवट खनिज ‘हिस्लॉपाइट’ झाले आणि तिसरे कॉलेज.

कामठीच्या खाणींतून त्यांनी ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या लुप्त झाडाची पाने आणली. बंगालच्या कोळशाच्या थरांतही हीच पाने होती, म्हणून ही तुलना मोलाची ठरली. हे खडक गोंडांच्या मुलखातले, म्हणून पुढे १८७२ मध्ये हेन्री मेडलिकॉट यांनी त्यांना ‘गोंडवन’ हे नाव दिले. त्यावरूनच एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या त्या प्राचीन महाखंडाला गोंडवनलँड म्हटले. हिस्लॉप यांनी मात्र खडकांइतकेच लक्ष गोंड माणसांकडे दिले होते. त्यांनी परधानांच्या तोंडून गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याची दीर्घ गीतकथा उतरवून घेतली, बोलींचे शब्द जमवले. परधान म्हणजे गोंडांचा इतिहास गाऊन जपणारी मंडळी. आमच्याकडे किनवट-माहूरच्या पट्ट्यात गोंड, परधान, कोलाम यांची घरे आहेत. त्यामुळे या नोंदींशी आपले नाते फक्त पुस्तकापुरते नाही.

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला बोरीजवळ, आजच्या बुटीबोरीच्या परिसरात, टाकळघाट गाव आहे. तिथली प्राचीन शिळावर्तुळे पाहायला मध्य प्रांताचे प्रमुख सर रिचर्ड टेंपल आले होते आणि हिस्लॉप सोबत होते. बाकीचे मुक्कामाकडे परतले. हिस्लॉप गावातली शाळा पाहण्यासाठी मागे राहिले आणि एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाळा होता, वाटेतल्या ओढ्याला पाणी चढले होते. घोडा एकटाच परत आला. शोध घेतला तेव्हा ओढ्यात त्यांचा देह मिळाला. सेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस उरले होते. मागे पत्नी आणि मुले राहिली. त्यांचे गोंडांविषयीचे अपुरे कागद टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. मिशनच्या शाळेतून १८८३ मध्ये उभे राहिलेले महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

टाकळीचा परिसर आता नागपूर शहराने गिळला आहे. माझ्या मते हिस्लॉप यांचा मोठेपणा त्यांच्या कामाच्या पद्धतीत होता. गावोगावच्या शाळेला भेट, गोंडांशी बोलणे आणि दगडाची नोंद, हे सारे त्यांनी एकाच फिरण्यात केले. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. रोजचा रस्ता आणि खाणी लागल्या, खूप चिकाटी लागली. आज खडीसाठी डोंगर फुटतात, तेव्हा आत काय होते हे पाहायला कोणी उभे नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने भूगर्भ किती जवळचा विषय आहे हे आपल्याला दाखवले. तरीही आपल्या शाळांत दगड हा भूगोलाच्या एका धड्यापुरता उरतो. मुदखेड, भोकर, किनवट, बिलोलीकडच्या शिक्षकांना विनंती आहे. मुलांना एकदा जवळच्या विहिरीच्या मलब्यावर किंवा खडीच्या खाणीजवळ, सुरक्षित अंतर राखून, घेऊन जा. थर कसे आहेत ते त्यांच्याकडून लिहून घ्या, दगडांना गावात काय म्हणतात ते विचारा. आणि एखाद्या दगडात शंखासारखा किंवा पानासारखा काही आकार दिसला, तर तो खडीत जाऊ देऊ नका. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञान शिकवणारा विभाग आहे. कुठे, किती खोलीवर मिळाला ते चिठ्ठीवर लिहा आणि दगड त्या विभागात नेऊन दाखवा.