दाबरक्षित गाभा : कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायुहायड्रेट आणि मापनाचा प्रश्न

प्रस्तावना

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात कूपनलिका खोदताना काळ्या बेसाल्टचा चुरा बाहेर येतो. या खडकातील खनिजे भूपृष्ठाखाली असतात तशीच वर आल्यावरही राहतात. त्यामुळे भूगर्भातून काढलेला नमुना म्हणजे भूगर्भाचा विश्वासार्ह साक्षीदार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कठीण खडकाच्या बाबतीतही ती सर्वस्वी खरी नाही. कोयना परिसरात भूकंप संशोधनासाठी सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतचे गाभे काढण्यात आले; पण वर येताच खडकावरील ताण सुटतो, म्हणून त्या ताणाचे मापन प्रत्यक्ष छिद्रातच करावे लागते. वायुहायड्रेटच्या बाबतीत तर साक्षीदारच वाटेत नाहीसा होतो.

नमुना का टिकत नाही?

वायुहायड्रेट हा बर्फासारखा दिसणारा घन पदार्थ होय. पाण्याच्या रेणूंनी बनलेल्या पिंजऱ्यात मिथेनचे रेणू अडकलेले असतात. ही रचना केवळ उच्च दाब आणि कमी तापमान असतानाच स्थिर राहते. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. म्हणजे १,००० मीटर खोल तळावर तो शंभर वातावरणांच्या आसपास असतो. साध्या नळीतून गाभा वर ओढला की दाब उतरतो, हायड्रेट विरघळते आणि एका घनमीटरमधून सुमारे १६० घनमीटर वायू मुक्त होतो. जहाजावर पोहोचतो तो फुगलेला, भेगाळलेला चिखल.

अर्थात काही खुणा मागे राहतात. विघटनासाठी उष्णता शोषली जात असल्याने गाभ्याचा तो भाग थंड पडतो व अवरक्त कॅमेऱ्यात दिसतो. सुटलेल्या गोड्या पाण्यामुळे छिद्रजलातील क्लोराइडचे प्रमाण घटते. या खुणा उपयुक्त आहेत, परंतु मूळ साठ्यात वायू किती होता याचे थेट माप त्या देत नाहीत.

दाब राखण्याची यंत्रणा

दाबरक्षित गाभानळी वेधननलिकेतून तारेच्या साह्याने तळापर्यंत सोडली जाते. सुमारे एक मीटर लांबीचा गाभा आत घेतल्यावर तो तेथेच बंद कक्षात ओढला जातो आणि खालची झडप मिटते. किंचित गळती झाल्यास भरपाई व्हावी म्हणून दाबाखालील नायट्रोजनचा साठा नळीला जोडलेला असतो. जहाजावर येताच नळी बर्फाच्या पाण्यात ठेवली जाते. त्यानंतर दाब न सोडता गाभ्याची घनता, ध्वनिलहरींचा वेग आणि क्ष-किरण प्रतिमा नोंदवता येतात. अखेरीस दाब अगदी सावकाश उतरवून बाहेर पडणारा वायू मोजला जातो. हायड्रेटचे प्रमाण ठरवण्याची ही सर्वांत थेट पद्धत मानली जाते. वर्णन सोपे असले तरी मिटणाऱ्या झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी सारा खटाटोप वाया जाऊ शकतो.

२००६ ची मोहीम

राष्ट्रीय वायुहायड्रेट कार्यक्रमाची पहिली मोहीम २८ एप्रिल २००६ रोजी मुंबईहून ‘जोइडेस रिझोल्यूशन’ या वेधनजहाजावर निघाली आणि १९ ऑगस्टपर्यंत चालली. २१ ठिकाणी ३९ छिद्रे घेण्यात आली. त्यांपैकी कोकण-केरळ किनाऱ्यासमोर एकच ठिकाण होते व तेथे हायड्रेट आढळले नाही. दाबरक्षित साधने ९७ वेळा उतरवण्यात आली, त्यांतून ४९ गाभे हाती आले. जवळजवळ निम्मे प्रयत्न निष्फळ ठरले, असे यावरून दिसते. तरीही उरलेल्या निम्म्यांनी जे दाखवले त्याचे मोल मोठे आहे.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील दहाव्या ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर सापडला. छिद्रात नोंदवलेल्या ध्वनिलहरींच्या वेगावरून काढलेली हायड्रेटची संपृक्तता दाबरक्षित गाभ्यांतील मापापेक्षा बरीच अधिक भरत होती. एवढी तफावत कशामुळे? गाभ्यांच्या क्ष-किरण प्रतिमांनी उत्तर सुचवले. हायड्रेट मातीच्या कणांमध्ये सर्वत्र सारखे पसरलेले नव्हते. ते चिकणमातीतील भेगांमध्ये शिरांच्या रूपाने भरलेले होते. प्रचलित सूत्रे मात्र थर सर्व दिशांनी एकसारखा आहे असे गृहीत धरतात. उभ्या भेगा असलेल्या थरात हे गृहीतक कोसळते. दिशेनुसार बदलणाऱ्या गुणधर्मांचे प्रतिरूप वापरल्यावर दोन्ही मापांतील अंतर कमी झाले. दाब राखून आणलेले ते मोजके गाभे नसते, तर फुगवलेला आकडाच प्रमाण मानला गेला असता. भारतातील हायड्रेट साठ्यांचे प्रचंड अंदाज वाचताना हे ध्यानी ठेवणे इष्ट.

पुढील टप्पा

भेगांतील हायड्रेटपासून वायू काढणे कठीण असल्याने २०१५ मधील दुसऱ्या मोहिमेत वाळूच्या थरांचा शोध घेण्यात आला. मार्च ते जुलै या काळात ‘चिक्यू’ या जपानी जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हायड्रेटने भरलेले असे थर गाठले. या वेळी दाबरक्षित गाभ्यांवरून थराची पार्यता आणि बळकटीही तपासण्यात आली. वायू काढू लागल्यावर थर खचेल का, हा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे. यांपैकी काही गाभ्यांच्या तपासणीसाठी जपान व अमेरिकेतील प्रयोगशाळांचे साह्य घ्यावे लागले. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे हायड्रेट संशोधन केंद्र पनवेल येथे, म्हणजे कल्याण-डोंबिवलीपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. या साठ्यांतून भारतात व्यापारी उत्पादन मात्र अद्याप सुरू झालेले नाही.