मजकूर संपादकाच्या प्लगइनमधून कालबाह्य संचालन प्रणालींचा आधार काढणे

मजकूर संपादकाच्या प्लगइनमधून कालबाह्य संचालन प्रणालींचा आधार काढणे ही सॉफ्टवेअरच्या देखभालीतील एक प्रक्रिया आहे. संचालन प्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. एखाद्या जुन्या प्रणालीवर प्लगइन चालावे म्हणून त्यात खास कोड लिहिलेला असतो. तो कोड काढून टाकणे आणि त्या प्रणालीवर प्लगइन चालेल ही हमी मागे घेणे, असे या प्रक्रियेचे दोन भाग आहेत. हे दोन भाग एकाच वेळी घडतात असे नाही. पुष्कळदा हमी केव्हाच संपलेली असते आणि कोड मात्र मागे उरतो. याउलट कधी कोड जागच्या जागी असतो, पण तो बांधण्याची साधने बदलल्यामुळे हमी नकळत तुटते. मराठीच्या बाबतीत या विषयाला आणखी एक पदर आहे. देवनागरी अक्षरे जुळवून दाखवण्याचे काम बहुतांशी संचालन प्रणाली करते, त्यामुळे कोणत्या प्रणालीचा आधार राहतो यावर कोणती अक्षरे नीट लिहिता-वाचता येतात हेही काही अंशी ठरते.

संज्ञा

मजकूर संपादक म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे साधन. विम, ईमॅक्स, नोटपॅड++ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. संकेतस्थळावरील लेखनखिडकी हीदेखील व्यापक अर्थाने मजकूर संपादकच होय. मूळ संपादकात नसलेली एखादी सोय, जसे शुद्धलेखन तपासणे, फायलींची यादी बाजूला दाखवणे किंवा रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवणे, जो स्वतंत्र तुकडा पुरवतो त्याला प्लगइन म्हणतात. प्लगइन बहुधा एखादी व्यक्ती किंवा चार-दोन स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळतात. या प्रक्रियेतील बहुतेक अडचणींचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे.

जुना कोड कसा साठतो

प्लगइनला संचालन प्रणालीशी अनेक ठिकाणी बोलावे लागते: फाइल कोठे आहे हे विचारताना, दुसरा प्रोग्राम चालवताना, अक्षरांचा संच ठरवताना. प्रत्येक प्रणालीची उत्तरे वेगळी असतात. विंडोज ९५ व ९८ मध्ये आज्ञा चालवण्याचे काम 'कमांड डॉट कॉम' हा प्रोग्राम करी, तर विंडोज एनटी आणि तिच्या वंशातील २०००, एक्सपी इत्यादी आवृत्त्यांत ते 'सीएमडी' करते. दोघांची भाषा सारखी दिसली तरी अवतरणचिन्हे, चुकीचे संदेश आणि आज्ञांची लांबी यांबाबत ती भिन्न आहे. विंडोज एक्सपीवर वापरकर्त्याच्या फायली 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात असत, व्हिस्टापासून त्या 'यूजर्स'मध्ये गेल्या. व्हिस्टामध्ये आलेली 'एमके-लिंक' ही आज्ञा एक्सपीवर नाही.

लेखक प्रत्येक भेदासाठी एक 'जर-तर' लिहितो. प्रणाली जुनी होते, पण 'जर-तर' तसेच राहते. नवा माणूस कोड वाचताना त्या अटीला हात लावायला धजत नाही, कारण ती कोणासाठी लिहिली होती हे सांगणारे कोणी उरलेले नसते. अशा अटी तपासून पाहणेही शक्य नसते. विंडोज ९८ चालणारे यंत्र स्वयंसेवकाकडे नसते आणि न तपासलेला कोड चालतो असे म्हणणे ही वापरकर्त्याची फसवणूकच ठरते.

विमचे उदाहरण

विम हा संपादक ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी प्रथम प्रसिद्ध केला. पुढे तो जवळजवळ प्रत्येक प्रचलित प्रणालीवर पोहोचला आणि त्या सर्वांचे ओझेही त्याने वाहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या विम ८.० मध्ये एमएस-डॉस, सोळा बिटांचे विंडोज आणि ओएस/२ यांचा आधार काढून टाकण्यात आला. डॉसबाबत दिलेले कारण लक्षात घेण्याजोगे आहे: विम तेथे गेले काही काळ चालतच नव्हता, कारण तो डॉसच्या स्मृतीत मावत नव्हता. म्हणजे जे काढले ते नावापुरतेच उरलेले होते. त्यानंतर लवकरच विंडोज ९५, ९८ आणि एमई यांचा आधारही गेला व ९.० च्या मालिकेत विंडोज एक्सपीचा. तत्पूर्वी २०१४ मध्ये विमपासून फुटून निघालेल्या निओविम या प्रकल्पाने जुन्या प्रणालींसाठीचा कोड काढणे हे आरंभापासूनच आपले एक काम मानले होते.

मूळ संपादकाने आधार काढला की प्लगइन लेखकाचे काम सुरू होते. विममध्ये 'हॅज' नावाचे फंक्शन आहे. 'हॅज' ला एखाद्या सोयीचे नाव दिले की ती असल्यास एक व नसल्यास शून्य असे उत्तर मिळते. जुन्या प्लगइनांत 'विन१६', 'विन९५', 'विन३२', 'विन६४' अशी नावे 'किंवा' लावून ओळीने विचारलेली आढळतात. यांपैकी पहिली दोन आता कायम शून्यच देतात. ती ठेवल्याने बिघाड होत नाही, काढल्यानेही होत नाही, फक्त वाचणाऱ्याचा गोंधळ कमी होतो. मात्र अट नकारार्थी असेल, म्हणजे 'विन९५ नसेल तर' अशी, तर ती आता नेहमीच खरी ठरते. तेथे अट पुसायची आणि आतला कोड ठेवायचा असतो. घाईत आतला कोडही पुसला गेला तर सर्व वापरकर्त्यांची सोय जाते.

'विन३२' हे नाव नवशिक्यांना हमखास फसवते. बत्तीस बिटांचे विंडोज जुने झाले, तेव्हा 'विन३२' ही अट काढून 'विन६४' एवढीच ठेवावी, असे वरकरणी वाटते. वस्तुतः विममध्ये 'विन३२' चा अर्थ बत्तीस किंवा चौसष्ट बिटांचे कोणतेही विंडोज असा आहे. तेव्हा ओळीतील चार नावांपैकी नेमके हेच एक ठेवायचे असते. नाव जुने आणि अर्थ चालू, अशी उदाहरणे भाषेत आपल्याला नवी नाहीत. शाई कधीच निळी झाली तरी आपण तिला शाईच म्हणतो, जरी त्या शब्दाच्या मुळाशी काळा रंग आहे.

तशीच गोष्ट फोल्डरच्या नावाभोवती लावलेल्या अवतरणचिन्हांची. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या नावात मोकळ्या जागा होत्या म्हणून ती चिन्हे लिहिली गेली. ते फोल्डर गेले, तरी वापरकर्त्याच्या नावात मोकळी जागा आजही असू शकते. ज्या कारणासाठी कोड लिहिला ते कारण संपले, एवढ्यावरून तो निरुपयोगी झाला असे ठरत नाही.

नकळत जाणारा आधार

नोटपॅड++ चे प्लगइन विमच्या प्लगइनांप्रमाणे वाचनीय मजकुराच्या रूपात नसून बांधलेल्या, म्हणजे यंत्रभाषेत रूपांतरित केलेल्या फायलींच्या रूपात असतात. त्या बांधण्यासाठी अनेक लेखक व्हिज्युअल स्टुडिओ वापरतात. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीपर्यंत एक्सपीसाठी बांधणी करणारा स्वतंत्र साधनसंच मिळत असे, २०१९ च्या आवृत्तीबरोबर नवा असा संच आला नाही. त्यामुळे ज्या लेखकाने केवळ आपले साधन अद्ययावत केले, त्याचे प्लगइन एका अक्षराचाही बदल न करता एक्सपीवर उघडेनासे झाले. खुद्द नोटपॅड++ चा एक्सपीवर चालणारा शेवटचा अवतार ७.९.२ हा आहे, आणि तसे जाहीर केलेले असल्यामुळे जुन्या यंत्राच्या मालकाला नेमके काय उतरवून घ्यावे हे कळते. आधार काढला जाण्यापेक्षा तो न सांगता जाणे अधिक त्रासदायक असते.

देवनागरी आणि मराठी

विंडोज ९८ च्या काळात मराठी मजकूर बहुधा शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत लिहिला जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. ज्यांनी त्या काळी शाळेच्या प्रश्नपत्रिका टंकित केल्या त्यांना हे निराळे सांगायला नको. १७ फेब्रुवारी २००० रोजी बाजारात आलेल्या विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आणि अक्षरे जुळवणारी 'युनिस्क्राइब' ही यंत्रणा देवनागरीसाठी प्रथम मिळाली. विंडोज एक्सपीवर ही सोय होती, पण निजलेली. नियंत्रण कक्षातून ती चालू करावी लागे आणि त्यासाठी स्थापनेची मूळ सीडी लागे. सीडी हाताशी नसली की सगळे तेथेच अडे. व्हिस्टापासून ही सोय आपोआप मिळू लागली.

म्हणून मराठीसाठी लिहिलेल्या प्लगइनात एक्सपीसाठी पळवाटा असणे स्वाभाविक होते. यांतील सर्वांत दूरवर परिणाम करणारी पळवाट 'ॲ' या अक्षराची आहे. 'ॲसिड', 'ॲप' यांतील हा स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आला. एक्सपीबरोबर आलेले फॉन्ट त्याआधीचे असल्याने तेथे या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसे. तो टाळण्यासाठी 'अ' लिहून त्यावर चंद्राची मात्रा ठेवण्याची रीत रूढ झाली. डोळ्याला दोन्ही रूपे जवळपास सारखी भासतात, पण संगणकाला नाही: पहिले एक अक्षर आहे, दुसरी दोन चिन्हांची जोडी आहे, आणि युनिकोड त्यांना समान मानत नाही. युनिकोडच्या प्रमाणात ही जोडी वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. परिणामी एका रूपातील शब्द शोधला तर दुसऱ्या रूपातील सापडत नाही. दोन्ही रूपे आंतरजालावरील मराठी मजकुरात आजही आढळतात.

येथे जुन्या प्रणालीचा आधार काढणे म्हणजे केवळ सफाई उरत नाही. कळफलकाच्या नकाशात एक्सपीसाठी ठेवलेली जोडी जोवर आहे, तोवर विंडोज १० वर लिहिणारा विद्यार्थीही नकळत जुनेच रूप लिहितो. ती जोडी काढली तर पुढचा मजकूर शुद्ध होतो, पण आधी लिहिलेला तसाच राहतो. त्यामुळे चांगल्या प्लगइनात लिहिताना नवेच रूप उमटावे, परंतु शोधताना दोन्ही रूपे धरली जावीत, ही तजवीज आवश्यक ठरते. जुने लिहिण्याचा आधार काढावा आणि जुने वाचण्याचा ठेवावा, हा भेद पुष्कळ प्रकल्पांच्या ध्यानात येत नाही.

मराठी विकिपीडियाची लेखनखिडकी

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर रोमन कळफलकावरून किंवा इनस्क्रिप्ट पद्धतीने देवनागरी लिहिण्याची सोय लेखनखिडकीतच आहे. पूर्वी ती 'नारायम' या विस्ताराद्वारे मिळे, २०१३ पासून 'युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर' मधून मिळते. ही सोय ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टवर चालते. एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोररची आठवी आवृत्ती हीच शेवटची. एक्सपीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि जानेवारी २०१६ मध्ये मीडियाविकीने या ब्राउझरला जावास्क्रिप्ट देणे थांबवले. त्या दिवसापासून अशा यंत्रावर लेख वाचता येई, साधी खिडकी उघडून संपादनही करता येई, पण मराठी उमटवणारे साधन तेथे नसे. ऑक्टोबर २०१७ मध्ये, एक्सपीवरील त्या ब्राउझरला येणारी जुनी सांकेतिकीकरण पद्धत असुरक्षित ठरल्याने बंद झाली आणि वाचनही थांबले.

अर्थात मार्ग अगदीच बंद नव्हता. क्रोमची ४९ ही आवृत्ती एक्सपीवर चाले, तिला एप्रिल २०१६ पर्यंत दुरुस्त्या मिळाल्या. फायरफॉक्सच्या ५२ या दीर्घमुदतीच्या आवृत्तीला तर सप्टेंबर २०१८ पर्यंत. शिवाय खुद्द एक्सपीत मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक होता. ज्याने इनस्क्रिप्ट शिकून घेतले होते त्याचे लेखन प्लगइन गेल्यावरही अडले नाही. ज्याचा हात केवळ रोमन लिप्यंतरणावर बसला होता त्याचे अडले. टंकलेखन शिकवणाऱ्यांनी या फरकाची नोंद घ्यायला हवी.

ज्यांची यंत्रे जुनी असतात

आधार काढण्याच्या चर्चेत 'आता ते कोणी वापरत नाही' हे वाक्य वारंवार येते. ते बहुधा वापराच्या नोंदींवर बेतलेले असते आणि त्या नोंदी आंतरजालाला जोडलेल्या यंत्रांच्याच असतात. बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावात एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात दान म्हणून आलेला जुना संगणक जोडणीविना केवळ टंकलेखनासाठी वापरला जात असेल, तर तो अशा कोणत्याही मोजणीत येणार नाही. स्वयंसेवकाने म्हणून आपले प्लगइन एक्सपीवर चालवत राहावे, अशी अपेक्षा करणे गैर आहे. त्याला तपासणीसाठी असुरक्षित यंत्र जवळ बाळगावे लागेल आणि चालू प्रणालीवरील मुलांसाठीच्या सुधारणा लांबतील. पण शेवटचे चालणारे रूप जपून ठेवणे आणि ते कोणते हे सांगणे याला फारसे कष्ट पडत नाहीत.

प्रचलित पद्धत

सुव्यवस्थित प्रकल्पांत आधार काढण्याची घोषणा एक-दोन आवृत्त्या आधी होते. काढणारी आवृत्ती मुख्य क्रमांक वाढवून प्रसिद्ध केली जाते, जसे ३.७ नंतर ४.०, म्हणजे केवळ क्रमांक पाहून मोठा बदल ओळखता येतो. त्याआधीच्या रूपाला खूण करून ते उतरवून घेण्यासाठी खुले ठेवतात आणि प्लगइन सुरू होतानाच प्रणाली तपासून, ती जुनी असल्यास समजेल अशा शब्दांत तसे सांगतात. मराठी प्लगइनाने हा संदेश मराठीत द्यावा, परंतु त्यात 'ॲ' येऊ देऊ नये, कारण तो ज्याच्यासाठी आहे त्याच्याच पडद्यावर तेथे चौकोन दिसेल. कोड काढताना एका वेळी एकाच प्रणालीचा काढतात, म्हणजे काही बिघडल्यास नेमका तेवढाच बदल मागे घेता येतो.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेल्या यंत्रविषयक अटी अनेक सुस्थितीतील संगणक पूर्ण करू शकत नाहीत. त्यामुळे विंडोज १० वरच राहणाऱ्या यंत्रांचा प्रश्न प्लगइन लेखकांपुढे आता उभा आहे. 'ॲ' मात्र या यंत्रांवर नीट दिसतो.