हिटलरचा मृत्यू : तर्क अनेक, पुरावा दातांचा
बंगळुरू : ॲडॉल्फ हिटलरने ३० एप्रिल १९४५ रोजी बर्लिनमधील भूमिगत बंकरमध्ये आत्महत्या केली, यावर इतिहासकारांचे एकमत आहे. तथापि, त्याच वर्षी जुलैत पोट्सडॅम परिषदेदरम्यान तो स्पेन वा अर्जेंटिनात असावा, असे सांगून स्टॅलिनने संशय पेरला.

मॉस्कोत जतन केलेला, गोळीचे छिद्र असलेला कवटीचा तुकडा स्त्रीचा असल्याचे अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये डीएनए चाचणीच्या आधारे सांगितले आणि पलायनाच्या चर्चेला बळ मिळाले. मात्र, हिटलरची ओळख कवटीवरून नव्हे, तर दातांवरून पटली होती. मे १९४५ मध्ये त्याच्या दंतवैद्याच्या सहायिकेने ते ओळखले. २०१८ मध्ये फ्रेंच तज्ज्ञांनीही त्यास दुजोरा दिला. वाद उरतो तो मृत्यू गोळीने झाला, सायनाइडने की दोन्हींनी, एवढाच.