हात कशावर बसवायचा?

नाशिक हे नाव नासिकेवरून आले असे सांगतात. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, ही कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. नाक कापण्याची शिक्षा पुढेही शतकानुशतके चालू राहिली. आणि कापलेले नाक पुन्हा घडवण्याची विद्याही याच देशात वाढली. तिच्यातली एक साधी युक्ती आज नव्या रूपात परत आली आहे.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आले. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला होता. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्याने आधी मेणाची पातळ पत्री नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून तिला नाकाचा आकार दिला. मग ती सपाट करून कपाळावर ठेवली, कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमधला देठ मात्र तोडला नाही, कारण कातडीला रक्त त्यातूनच मिळत होते. जोड धरल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, देठ कापला. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली.

इथे मेणाचे काम कोणते? मेण चुकले तर दुसरे घेता येते; कपाळ एकच असते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच विचारावर उभा आहे. शास्त्र कितीही वाचले तरी हाताला सराव नसेल तर शिष्य कामास योग्य नाही, असे तो सांगतो. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा. शीर टोचण्याचा कमळाच्या देठावर आणि मृत जनावराच्या शिरेवर. शिवण्याचा कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्ट्या बांधायला माणसाची बाहुली घ्यावी. कोहळा पोटासारखा दिसत नाही, पण सुरी किती खोल जाते हे तो नेमके शिकवतो. प्रतिकृती सगळ्या बाबतीत अस्सल असावी लागत नाही. जे कौशल्य शिकायचे, त्यापुरती ती अस्सल असली म्हणजे झाले.

आता छापील अवयवांकडे वळू. सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या पातळ कापांची चित्रे मिळतात; एकेक काप मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी जाडीचा असतो. प्रत्येक चित्रात अवयवाची आणि रक्तवाहिन्यांची कड संगणकावर आखून घेतात. मग त्रिमितीय छपाईयंत्र वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक रचते, किंवा द्रव राळेचे थर प्रकाशाने घट्ट करते. या दुसऱ्या पद्धतीचे पेटंट चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये मिळाले.

जबड्याच्या हाडासाठी असे कठीण प्लॅस्टिक चालते. मोडलेल्या हाडाला बसवायची धातूची पट्टी शस्त्रक्रियेआधीच प्रतिकृतीवर वाकवून ठेवता येते. यकृत किंवा मूत्रपिंड मात्र मऊ हवे. तेव्हा अवयवाऐवजी त्याचा साचा छापतात आणि त्यात सिलिकोन किंवा पाणीदार जेल ओततात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण पुनःपुन्हा गोठवून वितळवले की त्याचे रबरासारखे जेल होते. किती वेळा गोठवायचे यावर त्याचा घट्टपणा ठरवता येतो. आतल्या नळ्यांतून लाल पाणी सोडले तर चुकीच्या जागी सुरी लागताच 'रक्त' येते. जन्मतः दोष असलेले बाळाचे हृदय शिकाऊ डॉक्टरच्या वाट्याला क्वचित येते. छापल्यावर तेच दहा जणांना दहा वेळा हाताळता येते.

मर्यादाही आहेत. जिवंत ऊती सुजतात, आकसतात, त्यांतले रक्त गोठते. जेल यातले काही करत नाही. स्कॅनमधली कड आखताना चूक झाली, तर प्रतिकृती ती चूक सुबकपणे छापून देते. म्हणून ती गुरूच्या देखरेखीला पर्याय नाही. पण प्रत्येक सर्जनचा कोणीतरी पहिला रोगी असतोच. राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना पदव्या देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशकातच, पंचवटीहून पुढे म्हसरूळला स्थापन झाले. तिथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाची पहिली चूक माणसावर न होता जेलवर व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. शाडूचे एक नाक करा. त्यावर ओल्या फडक्याचा तुकडा घट्ट बसवून, जास्तीचा भाग कापून टाका. मग फडके काढून कागदावर सपाट पसरा आणि कडेने रेघ मारा. त्याआधी मुलांना अंदाजाने तो आकार काढायला सांगा. आमच्या अनुभवात बहुतेकांचे चित्र लहान पडते, कारण नाकपुड्यांचे उतार नजरेला दिसत नाहीत. दोन आकृत्यांतला फरक म्हणजे त्या कारागिराच्या मेणाने वाचवलेली चूक. मग वर्गातले हृदयाचे प्लास्टरचे मॉडेल पुढे ठेवून विचारा: हे कोणत्या बाबतीत खऱ्यासारखे आहे, आणि कोणत्या बाबतीत नाही?