धुवट की कोरे?

प्रस्तावना

थंडीच्या दिवसांत गोधडी अंगावर ओढून घेताना, तिच्यात कोणाकोणाची वस्त्रे दडली आहेत याचा विचार आपण सहसा करीत नाही. आजीचे नऊवारी लुगडे, आईची पाचवारी साडी, वडिलांचे धोतर, बाळाचे झबले अशी घरातल्या माणसांची वापरलेली वस्त्रे तेथे थरावर थर होऊन बसलेली असतात. अलीकडे गोधडीसाठी दुकानातून नवे कापडही आणले जाते आणि मग शिवणाऱ्या स्त्रियांत मतभेद होतात. कोणी म्हणते, गोधडी धुवट कापडाचीच हवी. कोणी म्हणते, कोऱ्या कापडाची गोधडीच अधिक देखणी दिसते. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा आहे का, हे आपण या पाठात पाहणार आहोत. प्रारंभ वाराणसीपासून करू. गोधडीचे एक भावंड तेथे आहे आणि जुन्या-नव्याचा हाच प्रश्न तेथील विणकरांपुढेही उभा आहे.

१. काशीची कथरी

वाराणसी म्हणजेच काशी. या नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. अहिल्याबाई होळकर यांनी इ.स. १७८० मध्ये काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. राणी लक्ष्मीबाई यांचा जन्म काशीचाच. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. महाराष्ट्रातील वधू ज्या बनारसी शालूची हौस धरते, तो शालूही याच नगरीचा.

पौष-माघात काशीत गंगेवर दाट धुके उतरते आणि थंडी चांगलीच झोंबते. श्रीमंताघरी कापूस भरलेली रजई निघते. सामान्य घरात जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक घालून शिवलेली ‘कथरी’ किंवा ‘गुदडी’ असते. संस्कृतात ‘कन्था’ म्हणजे ठिगळे जोडून केलेले वस्त्र. ‘कथरी’ आणि बंगालमधील ‘कांथा’ या शब्दांचे मूळ तेथे सांगितले जाते. ‘गुदडी’ आणि आपली ‘गोधडी’ यांची जवळीक तर कानालाच कळते. ठिगळांचे वस्त्र हे दारिद्र्याचे चिन्ह, तसेच विरक्तीचेही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) असेच वस्त्र वापरीत, म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणत.

२. धुवट कापडाची बाजू

महाराष्ट्रात गोधडीला काही भागांत ‘वाकळ’ म्हणतात. ती शिवण्याची रीत साधी आहे. जमिनीवर एक लुगडे पसरायचे, त्यावर जुन्या कपड्यांचे थर नीट बसवायचे, वरून चांगले दिसणारे कापड घालायचे आणि धावदोऱ्याने सारे थर एकत्र शिवायचे. पुष्कळ ठिकाणी टाके काठापासून सुरू होतात आणि चौकोनी फेरे घेत मध्यभागी येऊन संपतात.

यात जुनेच कापड का? पहिले कारण काटकसरीचे. जे फाटले ते टाकायचे नाही, हा घराचा नियम. दुसरे कारण कापडाच्या गुणांत आहे. सुती कापड वारंवार धुतले की त्यातील खळ निघून जाते आणि ते मऊ होते. त्यातून सुई सहज जाते. सूत घाम टिपून घेते. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तान्ह्या बाळाचे दुपटे आजही अनेक घरांत धुवट साडीचेच करतात.

मात्र जुने कापड विरलेले असते. त्याला आधार हवा, म्हणून टाके जवळजवळ घालावे लागतात. गोधडीवर दिसणाऱ्या दाट, समांतर ओळी ही केवळ सजावट नव्हे. थर सरकू नयेत आणि विरलेला भाग फाटू नये, यासाठी त्या आहेत. जेथे कापड अधिक विरले तेथे ठिगळ लागले, आणि ठिगळाचा रंग वेगळा असल्यामुळे आपोआप नक्षी झाली. गरजेतून असे सौंदर्य निर्माण झाले.

३. कोऱ्या कापडाची बाजू

आता दुसरी बाजू ऐकू. घराघरांत सुती साड्यांचा रोजचा वापर कमी झाला आहे. पेटीत उरल्या आहेत त्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या. त्यांचे रंग टिकतात, त्या लवकर वाळतात. परंतु शिवताना त्या घसरतात, थर हलतात, आणि त्या घाम टिपत नाहीत. चुलीजवळ ठिणगी उडाली तर असे कापड वितळून अंगाला चिकटते. तेव्हा धुवट कापडाचा आग्रह धरावा, तर योग्य धुवट कापडच घरात नाही, अशी अडचण होते.

नव्या सुती कापडाने ही अडचण दूर होते. रंग मनासारखे निवडता येतात. चौकोन आणि त्रिकोण मापात कापून ठरवलेली नक्षी जुळवता येते. कापड मजबूत असल्यामुळे टाक्यांच्या ओळी दूर दूर घातल्या तरी चालतात, म्हणून मोकळ्या जागेचे, एकरंगी नमुनेही शोभतात. शिलाईयंत्रावर हे काम लवकर होते. विकत घेणाऱ्यालाही दुसऱ्याच्या वापरलेल्या कपड्यांपेक्षा कोरे कापड बरे वाटते.

तरी नव्या कापडाचेही काही नियम आहेत. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. जुन्या कापडाबरोबर ते तसेच शिवले, तर धुतल्यावर गोधडीला चुण्या पडतात. गडद रंगाचे कापड शेजारच्या फिकट कापडावर रंग सोडते. म्हणून जाणत्या स्त्रिया नवे कापड आधी पाण्यातून काढून वाळवतात. ‘नवे’ वापरण्यासाठीही ‘जुने’ ज्ञान लागते, ते असे.

पाठगत प्रश्न
(अ) जुन्या कापडाच्या गोधडीत टाके जवळजवळ का घालतात?
(आ) कोरे सुती कापड शिवण्यापूर्वी का धुवावे?

४. विणकरांपुढचा तोच प्रश्न

काशीतील मदनपुरा, अलईपुरा या वस्त्यांत रेशमी वस्त्रे विणणारी कुटुंबे राहतात. संत कबीरही याच नगरीतले विणकर होते. येथील जुन्या पद्धतीच्या ‘कढुआ’ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे विणली जाते. त्यामुळे उलट्या बाजूला सुटे धागे राहत नाहीत. ‘फेकुआ’ पद्धतीत नक्षीचा धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो आणि मधले सुटे धागे नंतर कापून टाकतात. कढुआला वेळ अधिक लागतो, म्हणून मोल अधिक. यंत्रमागावर तशीच दिसणारी साडी कितीतरी स्वस्तात निघते. हातमागावरील या वस्त्रांची ओळख जपण्यासाठी बनारसी साडी व जरीकामाला इ.स. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली.

पण काशीचे विणकर केवळ जुन्यालाच चिकटून राहिले, असे नाही. वेलबुट्टी आणि कैरी विणणाऱ्या याच हातांनी तिबेटी बौद्ध मठांसाठी ‘ग्यासर’ नावाचे जरीचे कापड विणले. विणणारे बहुतेक मुसलमान, वापरणारे बौद्ध भिक्षू. गिऱ्हाईक नवे आले, तशी नक्षीही नवी आली. आज आपण ग्यासरला काशीची परंपरा म्हणतो. एका काळी जे नवे होते, ते हातांनी पत्करले आणि जपले, की पुढे परंपरा होते.

५. घरासाठी आणि बाजारासाठी

गोधडीकडे पुन्हा वळू. महाराष्ट्राच्या दक्षिणेला, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या रंगीत तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. रंग कोणते आणि तुकडे केवढे, हे मात्र प्रत्येकीच्या मनावर असते.

दूर अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियाही शेतावर वापरून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. इ.स. १९६६ मध्ये त्या भागातील स्त्रियांनी सहकारी संस्था काढली. मोठ्या शहरांतील दुकानांकडून मागणी आली, पण दुकानांना एकसारख्या नमुन्याचा माल हवा होता. संस्थेच्या कामातून पैसा हाती आला, परंतु तेथे मनासारखी नक्षी करता येईना. ती त्यांनी घरच्या गोधड्यांत केली. पुढे इ.स. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात प्रदर्शन भरले आणि जगाने वाखाणल्या त्या याच घरच्या गोधड्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घरच्या माणसासाठी शिवताना कापडाची आठवण महत्त्वाची असते. बाजारासाठी शिवताना गिऱ्हाइकाची पसंती पाहावी लागते. एकच स्त्री दोन्ही प्रकारे शिवू शकते. तेव्हा ‘धुवट की कोरे’ या प्रश्नाआधी ‘कोणासाठी’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

६. टाक्यांचे मोल

एक साधा हिशोब करून पाहा. गोधडी २१० सेंटिमीटर लांब आणि १५० सेंटिमीटर रुंद आहे. टाक्यांच्या ओळी २ सेंटिमीटर अंतरावर आहेत. म्हणजे ७५ ओळी झाल्या. प्रत्येक सेंटिमीटरला एक टाका धरला, तर एका ओळीत २१० टाके आणि साऱ्या गोधडीत १५,७५० टाके होतात. ओळींतले अंतर ४ सेंटिमीटर केले, तर हेच काम जवळपास निम्म्यावर येते.

गोधडी विकत घेणारा बहुधा कापडाची किंमत विचारतो. जुनी वस्त्रे तर घरचीच, मग पैसे कशाचे, असेही म्हणतो. या साडेपंधरा हजारांहून अधिक टाक्यांची मोजदाद कोणी करीत नाही. घरातल्या गोधडीचे श्रम मायेच्या खाती जमा होतात; मजुरीने शिवणाऱ्या स्त्रीचे श्रमही त्याच मापाने मोजले, तर तिच्यावर अन्याय होतो. कापड धुवट असो वा कोरे, नक्षी जुनी असो वा नवी, हातांच्या कष्टांचे मोल योग्य मिळाले तरच ही कला टिकेल. नाहीतर आवडीनिवडीचा वाद घालायला शिवणाऱ्या स्त्रियाच उरणार नाहीत.

शब्दार्थ
धुवट – धुऊन वापरलेले
कोरे – न वापरलेले, नवे
विरणे – वापरून झिजणे, पातळ होणे
धावदोरा – सरळ रेषेत घातलेले साधे टाके
दुपटे – तान्ह्या बाळाला गुंडाळण्याचे वस्त्र
विरक्ती – संसाराविषयी ओढ नसणे

स्वाध्याय
१. ‘गोधडीवरील नक्षी गरजेतून निर्माण झाली’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ग्यासर या वस्त्राच्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
३. तुमच्या घरातील एखाद्या गोधडीचे निरीक्षण करा. तिच्यात कोणाकोणाची वस्त्रे आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळी लिहा.
४. तुमच्या परिसरातील हाताने केल्या जाणाऱ्या एखाद्या वस्तूला किती वेळ लागतो आणि तिचे किती मोल मिळते, याची माहिती मिळवा. ते मोल पुरेसे आहे का, यावर आपले मत लिहा.