आधी ब्रेक, मग मोटर

१९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. पन्नास सीसीचं छोटं इंजिन, आणि पेट्रोल संपलंच तर पायडल मारत घरी यायची सोय! गावोगावच्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाई याच गाडीवर पहिल्यांदा कुणाच्या मागे न बसता कामावर गेल्या. हीच लूना २०२४ मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली.

पण नवी गाडी सगळ्यांनाच परवडते असं नाही. म्हणून घरातल्या जुन्या काळ्या सायकलला मागच्या चाकात विजेची मोटर बसवून घ्यायची, हा पर्याय अनेकींना आवडतो. मडगार्ड, करियर, घंटी सगळं तसंच. रूप आजोबांच्या काळचं, जोर आताचा!

मैत्रिणींनो, खर्च कुठून सुरू करायचा, हे मात्र नीट ठरवा. मेकॅनिक बहुधा मोटरचंच बोलतो. शहाद्याकडून तोरणमाळचा सातपायरी घाट डोळ्यांसमोर आणा. चढताना मोटर दमली तर फार तर उतरून ढकलाल. उतरताना ब्रेक दमला तर? सायकलचा वेग दुप्पट झाला, की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. त्यात पावसाळ्यातलं धुकं आणि ओला रस्ता. जुन्या सायकलचे सळईचे ब्रेक भिजले की धरतच नाहीत.

म्हणून पहिला खर्च ब्रेकचा. पुढे-मागे दोन्हीकडे चांगले ब्रेक हवेत, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारं लिव्हर हवंच. दुसरा खर्च चाकाचा: मोटरच्या चाकाला जाड स्पोक, मजबूत रिम, नवा टायर, आणि नट फिरू नये म्हणून त्यामागे लॉक वॉशर. तिसरा दिव्याचा. लेडीज सायकलला मधला दांडा नसतो, त्यामुळे बॅटरी उंच करियरवर न ठेवता सीटखालच्या नळीला घट्ट बसवून घ्या. तोल राहतो.

आता बॅटरीचा हिशेब, अगदी किराण्यासारखा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. तुम्ही, सायकल आणि पिशव्या मिळून १०० किलो धरा. नुसत्या मोटरवर ५०० मीटर उंची चढायला, वाया जाणारी ऊर्जा धरून, साधारण दोनशे वॅट-तास लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी चढातच गेली! तोरणमाळ तर समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. तेव्हा चढावर पायडल मारायचंच. मोटरही तापत नाही.

कायद्याचंही पाहा. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि चाचणी संस्थेची मान्यता असेल, तर अशा सायकलला नोंदणी लागत नाही. किट घेताना मान्यतेचा कागद मागून घ्या. मोठ्या मोटरचा मोह झाला, तर नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं.

घरात बाईच्या सायकलवर पैसे घालायची वेळ आली की "आहे ती चालतेय की!" हे ठरलेलं उत्तर. पण त्याच सायकलवर तुम्ही दळण आणता, लेकराला शाळेत सोडता. तेव्हा पुढच्या वेळी मेकॅनिकने मोटरचा भाव सांगितला, की शांतपणे विचारा, "दादा, यात ब्रेकचे किती धरलेत?"